दिवसा पाहिलेलं

॥ बिरोबा प्रसन्न ॥

राहू, ता. दौंड
२० फेब्रुवारी २०२५

चि. हनुमंतास प्रतिभाचे अ. आ. वि. वि.

आशीर्वाद रीत म्हणून लिहिले आहेत. मनात सध्या संताप आहे. तू माझा नंबर ब्लॉक केलास. तुझ्या बायकोला, नीलमला, फोन लावला तर तो तू तिच्या हातातून घेऊन बंद केलास. म्हणून हे पत्र, आणि तेही रजिस्टर. पोस्टमन तुझी सही घेईल, म्हणजे मिळालं नाही असं म्हणायला तुला जागा राहणार नाही.

परवा नीलमनं शेजारणीच्या फोनवरून सगळं सांगितलं. तिच्यावर डोळे वटारू नकोस. घरात जे चाललंय ते तिला बघवत नाही म्हणूनच तिनं सांगितलं. आण्णांना तू शिरूरला डोक्याच्या डॉक्टरकडं नेलंस. त्या गोळ्यांनी आपला बाप दिवसभर ओसरीत मान टाकून बसतो आणि जेवताना घास हातातच राहतो, असं ती म्हणाली. आणि त्यांची चौदा मेंढरं तू टेम्पोत घालून बाजारात नेऊन विकलीस, ते झोपेत असताना. जाग आल्यावर म्हणे ते मेंढरं कोंडायच्या वाघरापाशी जाऊन नुसते उभे राहिले. हनम्या, तुझा हात कसा धजला?

दूध संस्थेच्या उद्घाटनाचा तो व्हिडिओ आमच्या राहूपर्यंत आलाय. माझ्या पुतण्यानं मला दाखवला, हसत. आण्णा डोक्याला पटका नाही अशा अवस्थेत मांडवात शिरतात, आभाळातून आग पडतीय म्हणून ओरडतात, दोघं जण त्यांचे दंड धरून त्यांना बाहेर काढतात, आणि तू चेअरमन, फेटा बांधून, माईकवर म्हणतोस, "उन्हानं डोकं फिरलंय म्हाताऱ्याचं, पुढं चालू द्या." मग सगळा मांडव हसतो. फेब्रुवारीचं ऊन, हनुमंत. साठ वर्षं ज्यानं वैशाखातल्या माळावर मेंढरं राखली, त्याचं डोकं फेब्रुवारीच्या उन्हानं फिरलं?

आता ऐक. उद्घाटनाच्या त्या मंगळवारी सव्वादोनच्या सुमारास मी उसाला पाणी देत होते. सरीच्या पाण्याचं दारं मोडायला वाकले आणि पाटातलं पाणी एकदम पांढरं झालं. वेल्डिंगचा उजेड पडावा तसं. मान वर केली तर पाटसच्या अंगानं एक गोळा येत होता. सूर्य त्याच्या जागेवर होता आणि हा दुसरा. मध्ये पांढरा, कडेनं हिरवट, मागं शेपूट. माझी सावली माझ्याभोवती फिरली, हे मी डोळ्यांनी बघितलं. नदी ओलांडून तो तुमच्या अंगाला गेला. चार-पाच श्वास, बस. मागं धुराची रेघ राहिली, ती वाऱ्यानं वाकडी झाली. बऱ्याच वेळानं दणका आला, खाणीत सुरुंग उडावा तसा, आणि शेडचा पत्रा थरथरला.

म्हणजे आण्णांनी पाहिलं ते खरं आहे. गोळ्या कुणाला द्यायच्या ते तू ठरव.

डॉक्टरांना जाऊन सांग. मेंढरं ज्यानं घेतली त्याला गाठ. आणि ज्या माईकवर बोललास, त्याच माईकवर बोललेलं परत घे. यातलं काही होणार नसेल तर मी येते आणि आण्णांना इकडं घेऊन जाते.

प्राचीला आणि सम्राटला गोड पापा. लोभ असावा असं शेवटी लिहायची पद्धत आहे. या खेपेला लिहीत नाही.

तुझी
प्रतिभा


॥ श्री ॥

वडगाव रासाई, ता. शिरूर
२७ फेब्रुवारी २०२५

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. पोस्टमननं सही घेतली ती संस्थेच्या दारात, चार सभासदांच्या देखत. बहिणीनं रजिस्टर धाडलंय म्हणजे हिश्श्याची नोटीस असणार, असा अर्थ लोकांनी काढला. तुझ्या मनासारखं झालं असेल.

उत्तर कागदावरच देतो. फोनवर तू रडतेस आणि मी ओरडतो.

तू नदीपलीकडं आहेस. पूल ओलांडून यायला तुला पाऊण तास लागतो, पण वर्षात तू तीनदा येतेस. येताना लाडू आणतेस, आण्णांच्या पायाशी बसतेस, आणि गेल्यावर आठ दिवस मला ऐकावं लागतं की पोरगी ती पोरगी. दिवाळीत आण्णा पहाटे उठून जुन्या चराईच्या वाटेनं निघून गेले तेव्हा कोण होतं? दोन दिवस मी गाडीवर फिरलो. पारगावच्या पुलाच्या खाली सापडले. मला म्हणाले, वाडा पुढं गेलाय, गाठायचाय. मेंढरांसोबतचा आपला फिरता वाडा मोडून पंधरा वर्षं झाली, आक्का. तुला मी हे सांगितलं नाही, कारण तू रडली असतीस आणि दाजींनी तुला बोल लावला असता. तेव्हापासून दाराला आतून कडी घालून मी ओसरीत झोपतो. माझी बायको त्यांची धोतरं धुते. हे तुझ्या व्हिडिओत नाही.

उद्घाटनाला सात गावची माणसं होती. ती इमारत उभी करायला मला चार वर्षं लागली. आजपर्यंत या गावात आपल्याला कुणी चेअरमन म्हणून हाक मारली नव्हती. मेंढकं म्हणायचे, तोंडावर. त्या दिवशी पहिल्यांदा मी माईकपुढं उभा होतो आणि आण्णा तसे आले. मी काय करायला हवं होतं? सगळ्यांना उठवून आभाळ बघायला लावू? मांडवात जनरेटर चालू, वर स्पीकर. कुणी काही पाहिलं नाही, ऐकलं नाही. एक-दोघं म्हणाले काहीतरी वाजलं, ते लोहगावची विमानं असतील. तोंडातून शब्द गेला तो गेला. मला तो गोड वाटला असं समजू नकोस.

आणि मेंढरं. आण्णांनी ती सोडून दिली म्हणून ती गव्हात शिरली. एकाच दुपारी तीन खातेदारांचा गहू तुडवला. ते तिघं माझ्या दारात आले. उद्या तीच मेंढरं हायवेवर गेली असती तर?

आता तुझ्या गोष्टीवर येतो. तू पाहिलंस म्हणतेस. त्याच मंगळवारी संध्याकाळी सात वाजता मी तुला फोन केला होता. आठव. मी विचारलं, आक्का, दुपारी तुमच्या अंगाला आभाळात काही दिसलं का, आण्णा काहीबाही सांगतायत. तू म्हणालीस, "न्हाई बा. आमच्याकडं काही न्हाई." मी पुन्हा विचारलं. तू पुन्हा नाही म्हणालीस, आणि भाकरी टाकायच्यात म्हणून फोन ठेवलास.

डॉक्टरांनी मला पहिलाच प्रश्न विचारला, हे आणखी कुणी पाहिलंय का? मी सांगितलं, बहीण नदीपलीकडं राहते, दिवसभर शेतात असते, तिनंही काही पाहिलं नाही. त्यांनी ते लिहून घेतलं. त्यानंतर गोळ्या लिहिल्या.

तेव्हा गोळ्या कुणाला द्यायच्या हे मला विचारू नकोस. नऊ दिवस गप्प बसून आता रजिस्टर धाडतेस.

दाजींना नमस्कार. तुझ्या सासूबाईंना नमस्कार. लोभ तू लिहिला नाहीस, मीही मागत नाही.

तुझा
हनुमंत


॥ बिरोबा प्रसन्न ॥

राहू
६ मार्च २०२५

चि. हनुमंतास अ. आ. वि. वि.

तुझं पत्र मी गोठ्यात उभ्यानं वाचलं.

नाही म्हणाले. दोनदा म्हणाले. खरं आहे.

कारण सांगते, माफी मागत नाही. तुझा फोन आला तेव्हा तो स्पीकरवर होता. मी पीठ मळत होते, हात भरलेले. सासूबाई, तुझे दाजी, दोन्ही जावा, सगळे चुलीपुढं. दुपारी शेतातून आल्या-आल्या मी दाजींना सांगितलं होतं की आभाळात असं असं दिसलं. ते हसले. सासूबाई म्हणाल्या, पालावर जन्मलेली पोर, तिला दिवसा चांदण्या दिसायच्याच. यांनी मेंढरं तीन पिढ्यांमागं सोडली, हनुमंत. आपण परवापर्यंत धरली. लग्नाला बावीस वर्षं झाली तरी या घरात माझं काही चुकलं की ते पालावरचं असतं. मीठ जास्त पडलं तरी पालावरचं. मग तुझा फोन वाजला आणि तू म्हणालास, आण्णा काहीबाही सांगतायत. सगळ्यांची तोंडं माझ्याकडं वळली. मला वाटलं, आता हो म्हणाले तर बाप खुळा आणि लेकही खुळी. माझ्या तोंडातून नाही निघून गेलं.

तुझं नि माझं पाप एकाच मापाचं आहे. तू सात गावांना घाबरलास. मी एका चुलीला.

पण बसून राहिले नाही. तुझं पत्र आलं त्याच दिवशी जेवणं चालू असताना मी सांगितलं, मंगळवारी मी पाहिलं होतं आणि फोनवर खोटं बोलले. सासूबाईंनी नेहमीचं वाक्य काढलं. मी म्हणाले, पालावरची आहे म्हणूनच मला आभाळाकडं बघायची सवय आहे. बावीस वर्षांत पहिल्यांदा उलटून बोलले. दाजी पान सोडून उठून गेले. तीन दिवस घरात माझ्याशी कुणी बोललं नाही. न बोलू देत.

मग हिंडले. ऊसतोडीच्या टोळीतल्या गिताबाईला गाठलं. तिनं पाहिलं होतं. मोळी डोक्यावरून टाकून ती सरीत आडवी पडली होती. मुकादम ओरडेल म्हणून गप्प राहिली. शाळेतल्या अनुपमा मॅडमनी पाहिलं होतं, पोरांना मैदानावर खेळायला घेऊन गेल्या होत्या तेव्हा. त्या म्हणाल्या, याला उल्का म्हणतात. खूप मोठी असली तर दिवसासुद्धा दिसते, पण क्वचित, आणि आवाज मागाहून येतो. मी विचारलं, मग तुम्ही कुणाला सांगितलं का नाही? म्हणाल्या, स्टाफरूममध्ये सांगितलं होतं, सगळ्यांनी चष्म्याचा नंबर तपासा म्हणून चिडवलं, मग सोडून दिलं.

माझं डोकं भडकलंय ते याच्यावर. ज्यांनी पाहिलं ते सगळे गप्प आणि ज्यांनी नाही पाहिलं ते सगळे हसणार. एकटे आण्णा ओरडले, आणि गोळ्या त्यांनाच.

दोघींकडून मी लिहून घेतलंय. गिताबाईचा अंगठा, मॅडमची सही. माझाही कागद आहे, त्यात मी फोनवर खोटं बोलल्याचं लिहिलंय. रविवारी तिन्ही घेऊन येते. तू, मी आणि आण्णा डॉक्टरकडं जाऊ. दिवाळीचं तू लपवायला नको होतंस. त्या दोन दिवसांचा विचार करून माझी झोप उडालीय. तुझं एकट्याचं जागणं मला कळलं नव्हतं, हेही खरं. पण त्यामुळं माईकवरचं वाक्य माफ होत नाही.

लोभ राहू दे, राग काढून झाल्यावर बघू.

तुझी
आक्का


॥ बिरोबाच्या नावानं चांगभलं ॥

वडगाव रासाई
११ मार्च २०२५

चि. प्रतिभा आन् चि. हनुमंत दोघांस्नी कोंडिबाचा आशीर्वाद.

ह्ये पत्र म्या सांगतोय आन् मच्छिंद्र पोस्टमन लिहितोय. त्यो रिटायर झालाय, त्याला येळ हाय. त्याला सांगितलंय, मी बोलीन तसंच लिव्ह, सुधारू नगं. दोन प्रती काढतोय. एक राहूला जाईल, एक ह्याच घरात हनुमंताच्या हातात पोस्टानं पडंल. एका छपराखाली ऱ्हाऊन बापाला पोस्टानं बोलावं लागतंय, ह्याची लाज वाटू द्या.

प्रतिभाची दोन्ही पत्रं मला नीलमनं वाचून दाखवली. रविवारी पोरगी कागद घिऊन आली तवा म्या खोलीचं दार उघडलं न्हाई. बाहेरनं रडत व्हती. मुद्दाम न्हाई उघडलं. का ते आता सांगतो.

तुमी दोघं भांडताय म्या बघितलं का न्हाई बघितलं ह्याच्यावर. एक म्हंतो न्हाई, एक अंगठे गोळा करून आनती. म्या काय चोरी केलीया? सूर्व्या उगवला म्हनून कुनी साक्षीदार आनतं का? म्या बघितलं ते बघितलं. तुमी व्हय म्हनला तर ते खरं आन् न्हाई म्हनला तर खोटं, असं त्ये न्हाई.

डाक्टरनं मला इचारलं वार कोणता, आन् शंभरातनं सात काढा, पुन्हा सात काढा. म्या आयुष्यात शंभरातनं सात काढलं न्हाईत. म्या मेंढरं मोजली, ती बी पाचा-पाचानं. इसरतो म्या, खरं हाय. दिवाळीत वाट चुकलो त्ये बी खरं हाय, त्याची मलाच भीती वाटती. त्यापायी गोळी द्या, घेतो. पर बघितल्यापायी गोळी? ती म्या आताशा पेरूच्या बुडाशी थुकतो.

आन् एक सांगा. डाक्टर, तू हनुमंता, तू प्रतिभा, गावातली मानसं, एकानं तरी इचारलं का की आण्णा, तुमी पळालात कशापायी?

न्हाई इचारलं. मग आता वाचा.

म्या नदीच्या कडंला व्हतो. ते पल्याडनं आलं आन् माझ्या डोक्यावरनं गावाच्या दिशेला चाललं. मेंढरांनी एकमेकांच्या पोटाखाली डोकी घातली. माझ्या डोळ्याम्होरं काळं-निळं झालं, ते कुठं गेलं दिसंना. दिसत व्हता तो निस्ता पांढरा मांडव. त्यात सारा गाव. प्राची तिथं गानं म्हननार व्हती, सकाळी नवा परकर मला दाखवून गेली व्हती. सम्राट खुर्च्या मांडत व्हता. तू फेटा बांधून हुबा व्हतास. मला वाटलं, ते मांडवावर पडतंय.

साठ वर्सांत म्या कळप सोडला न्हाई. लांडगं आलं तवा न्हाई. गारा पडल्या तवा न्हाई. तुमची आई शेवटच्या घटका मोजत व्हती तवा बी कळप भावाच्या हवाली करून मंग घरी आलो, आन् मला उशीर झाला. त्या दिशी सोडला. काठी टाकली, पटका कुठं पडला ठावं न्हाई. मागनं दणका आला तवा वाटलं, संपलं समदं. तरी पळालो. वयाच्या ह्या ठिकानी. तुमास्नी बाहेर काढाया.

मांडवात शिरलो तर तुमी समदे जित्ते. मला वाटलं, वाचले. आन् तुमी हसलात. वाचला व्हता म्हनून हसाया आलं तुमास्नी.

हनुमंता, तू माईकवर बोललास त्याचं मला काय वाटलं न्हाई असं म्हनलो तर खोटं व्हईल. पर तू काय बघितलंच न्हवतं. प्रतिभा, तुजा राग मला जास्त हाय. तू बघून न्हाई म्हनलीस. रिकाम्या हातानं ये, कागद घिऊन येऊ नगं. आन् लगेच बी येऊ नगं.

मेंढरं गेली ती गेली, परत आनू नगा. त्यास्नी सोडून म्या पळालो, माझा हक्क संपला.

आशीर्वाद द्यायचं मनात न्हाई, पर बापाला त्ये मागं घेता येत न्हाईत. तवा हायेत.

कोंडिबा
(अंगठा)

ता. क. – मी मच्छिंद्र. आण्णांनी सांगितलं तसंच लिहिलं आहे. त्या दिवशी मांडवात मीही होतो आणि मीही हसलो होतो, हे त्यांना आज सांगितलं. ते म्हणाले, तेही लिही.


॥ श्री ॥

वडगाव रासाई
१७ मार्च २०२५

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि.

नंबर मोकळा केलाय, तरी पत्रच लिहितोय. हे फोनवर बोलायला मला जमणार नाही.

आण्णांचं पत्र दारात सही करून घेतलं. ते ओसरीत बसून माझ्याकडं बघत होते. मी तिथंच वाचलं. वाचून झाल्यावर काही बोलायला गेलो तर ते उठून गोठ्यात गेले.

शुक्रवारी त्यांना शिरूरला नेलं. या वेळी मी बाहेरच्या बाकड्यावर बसलो आणि आत ते एकटेच बोलले, अर्धा तास. डॉक्टरांनी मग मला बोलावलं आणि चांगलं सुनावलं की मागच्या वेळी सगळं मीच बोललो होतो, पेशंट नाही. विसरभोळेपणा वयाचा आहे, तो वाढेल, लक्ष ठेवावं लागेल. त्याची एक गोळी राहील. बाकीच्या बंद केल्या.

काल रविवारी संस्थेची सभा होती. तीच माणसं, तोच माईक. आण्णांना मी काही सांगितलं नव्हतं, पण मच्छिंद्रमामा त्यांना घेऊन आले आणि मागच्या भिंतीपाशी बसवलं. अहवाल वाचायच्या आधी मी खिशातून त्यांचं पत्र काढलं. चूक झाली असं नुसतं म्हणणार होतो, पण आधी म्हटलं ते सात गावांपुढं आणि आता चूक कबूल करायची ती चार शब्दांत, हे पटेना. सगळं वाचायला घेतलं. पोस्टानं बोलावं लागण्याची लाज, शंभरातनं सात, पेरूच्या बुडाशी थुकलेल्या गोळ्या. प्राचीच्या परकरापाशी आलो आणि मला पुढं वाचता येईना. मच्छिंद्रमामांनी पुढं येऊन उरलेलं वाचलं, माझं माईकवर बोलणं आणि तुझं नाही म्हणणंही. अक्षर त्यांचंच होतं.

वाचून झालं. पण गाव ते गावच. मागून एक जण म्हणाला, चेअरमनसाहेब, आता तुम्हाला पण दिवसा तारे दिसायला लागले का? दोघं-तिघं हसले. आक्का, मी माईक सोडून त्याच्याकडं निघालो होतो. हात उचलला असता मी. त्याच्या आधी आण्णा उभे राहिले. भिंतीला धरून, सावकाश. त्यांनी त्या माणसाकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग सगळ्यांकडं. आवाज चढवला नाही.

ते म्हणाले, "पुन्हा दिसलं तर पुन्हा पळीन. तवा बी हसा."

आणि निघाले. मी सभा तशीच टाकून त्यांच्या मागं गेलो. घरापर्यंत ते पुढं आणि मी दहा पावलं मागं. माझ्याशी ते आजही बोललेले नाहीत. माझं मी भोगतोय, तू तुझं भोग, आणि त्यांनी हाक मारली की ये.

दाजींना व सासूबाईंना नमस्कार. माझ्यावर लोभ आहे की नाही ते तुझं तू ठरव, आण्णांवरचा कमी होऊ देऊ नकोस.

तुझा
हनुमंत